गाड्यांवरचे डाग : झाड तोडण्याआधी छत तपासा

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, घणसोली, नवी मुंबई.

विषय : पार्किंगमधल्या गाड्यांवरचे डाग आणि गेटजवळचा शिरीष तोडण्याचा प्रस्ताव.

महोदय,

सूचनाफलकावरची नोटीस वाचली. गाड्यांवरचे डाग झाडाच्या चिकाचे आहेत, म्हणून गेटजवळचा विलायती शिरीष तोडायला सभासदांनी संमती द्यावी, असा तिचा आशय. डाग पडतात हे खरेच. पण तक्रार करणाऱ्यांच्या बहुतेक गाड्या पोडियमखाली (बाग असलेल्या गच्चीखालच्या पार्किंगमध्ये) लागतात, आणि तिथे त्या झाडाचे पानही पोचत नाही. आपल्याकडे निरनिराळ्या जातीचे डाग आहेत. त्यांची कारणे वेगळी, उपायही वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर रंगाची वाट लागते.

सगळ्यात वाईट डाग छतातून येतो. पोडियमवरच्या बागेचे पाणी स्लॅबच्या भेगांतून आणि एक्स्पान्शन जॉइंटमधून (स्लॅबच्या दोन भागांमध्ये प्रसरणासाठी ठेवलेल्या सांध्यातून) झिरपते, आणि येताना काँक्रीटमधला मोकळा चुना विरघळवून आणते. हे पाणी तीव्र अल्कधर्मी असते. ते बोनेटवर सुकले की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते : पांढरी, खरखरीत, काठाला जाड अशी चकती आणि तिच्यापासून खाली गेलेला ओघळ. स्लॉटमधली गाडी बदलली तरी डाग त्याच जागी पडतो, ही पहिली खूण. वर टॉर्च मारला तर जॉइंटच्या रेषेत चुन्याच्या बारीक पोकळ नळ्या लोंबताना दिसतील, काहींच्या टोकाला थेंबही असेल. खात्रीच करायची तर डागावर पांढऱ्या व्हिनेगरचा एक थेंब टाकावा. बुडबुडे आले तर चुना. चिकाला व्हिनेगरने फेस येत नाही.

थेंब ओला असतानाच दिसला तर भरपूर पाण्याने धुतला की काम झाले. सुकला असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून टिश्यू पेपर त्यात भिजवायचा आणि डागावर 5 ते 10 मिनिटे ठेवायचा. गाडी सावलीत हवी, पत्रा गार हवा, आणि टिश्यू सुकू द्यायचा नाही. सुकला तर व्हिनेगरचाच डाग उमटतो. मग पाण्याने धुऊन पुन्हा तेच. जाड थराला तीन-चार फेऱ्या लागतात. नखाने, ब्लेडने किंवा भांडी घासायच्या हिरव्या घासणीने खरवडू नये : चुन्याचा कण सुटतो आणि पुढे तोच क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, चरे ओढत जातो. टॉयलेट क्लीनरचा सल्ला लिफ्टमध्ये सर्रास दिला जातो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. चुना जातो, आणि त्याबरोबर क्रोमच्या पट्टीची चमकही.

चुना निघाल्यावर बोटाला काही लागत नाही पण तिरप्या उजेडात वर्तुळ दिसते, अशी अवस्था आली तर डाग रंगावर नाही, रंगात आहे. अल्काने क्लिअर कोट खाल्लेला असतो. तिथे पॉलिशच लागते. कंपनीचा क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, आणि मशीन पॉलिश दर वेळी त्यातले एक-दोन मायक्रॉन काढते. म्हणजे गळती चालू ठेवून वर्षातून दोनदा पॉलिश मारणे हा काही उपाय नव्हे.

दुसरा प्रकार पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर जास्त उठून दिसतो : टाचणीच्या डोक्याएवढे तपकिरी-नारिंगी ठिपके. लोक म्हणतात गाडी गंजली. पत्रा गंजलेला नसतो, बाहेरून आलेले लोखंड गंजलेले असते. रेल्वेच्या रुळांजवळ ब्रेक आणि चाकांची धूळ हे काम करते. पण आपल्याकडे ठिपके ए विंगच्या रांगेतच दाट आहेत, आणि त्याच रांगेच्या टोकाला खिडक्यांच्या ग्रिल कापायचे काम चालते. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो क्लिअर कोटमध्ये रुततो आणि पहिल्या दमट हवेत गंज धरतो. कमिटीने स्वतः पाहावे : त्या कोपऱ्यातली जमिनीवरची धूळ चमचाभर घ्या, पांढऱ्या कागदावर पसरा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. काळी धूळ केसांसारखी उभी राहून चुंबकामागे सरकू लागते. झाडाचा चीक हे करत नाही.

हे काढायला आयर्न रिमूव्हर मिळतो. त्यात थायोग्लायकोलेट असते, लोखंडाशी भिडले की रंग जांभळा होतो आणि वास सडक्या अंड्याचा येतो. हातमोजे घाला आणि मोकळ्या हवेत करा. गाडी आधी शाम्पूने धुवा, गार पत्र्यावर फवारा, 3 ते 5 मिनिटे थांबा, सुकायच्या आत धुवा. राहिलेल्या कणांसाठी क्ले बार, म्हणजे रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी. हा क्रम उलटा करू नका, कारण क्ले आधी फिरवला तर कण त्यात अडकून पत्रा घासत जातो. क्ले शाम्पूच्या पाण्यावर, दोन फूट बाय दोन फूट भागावर, सरळ रेषेत आणि हलक्या हाताने फिरवायचा. मळला की घडी घालून नवी बाजू घ्यायची. जमिनीवर पडला तर सरळ टाकून द्यायचा, कितीही जीव तुटला तरी. नंतर वॅक्सचा हात द्यावा, क्ले जुने वॅक्सही घेऊन जातो.

बी विंगच्या बाहेरच्या बाजूला मोहरीच्या रंगाचे लांबट थेंब पडतात. ती मधमाश्यांची विष्ठा आहे. पाण्याच्या टाकीखालच्या छज्जाला आग्या मोहोळ आहे, आणि या माश्या पोळ्यातून एकदम उडून बाहेर विष्ठा टाकतात, म्हणून एका दुपारी पाच-सात गाड्या एकदमच पिवळ्या होतात. त्यात परागकणांची टरफले असतात, म्हणून कोरडे पुसू नये. कोमट पाण्यात भिजवलेले फडके 10 मिनिटे ठेवले की सहज निघते. मोहोळाला धूर किंवा दगड मारायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाकावा. गाड्या दोन महिने दुसरीकडे लावणे स्वस्त पडेल.

आता शिरीष. त्याखालच्या मोजक्या गाड्यांवर बारीक, पारदर्शक, चिकट थेंब येतात हे मान्य. पण हा बहुतांशी चीक नसून मावा आणि पिठ्या ढेकूण यांसारखे कीटक सोडतात तो गोड स्राव असतो. साखरच ती, कोमट पाण्यात आणि शाम्पूत विरघळते. फक्त लवकर धुवावी, नाहीतर तिच्यावर काळी बुरशी चढते. खरा डिंक असेल तर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा मिनिटभर टेकवून उचलावा, घासू नये. थिनर वापरू नये, विशेषतः दुरुस्तीनंतर पुन्हा रंगवलेल्या पॅनेलवर. तिथला रंग कंपनीच्या रंगाइतका कडक नसतो. पक्ष्यांची घाण मात्र त्याच दिवशी काढा. उन्हात काही तासांत ती क्लिअर कोट खाते.

शिवाय झाड तोडणे हा आपल्या सभेचा एकटीचा अधिकार नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ‘गाडीवर डाग पडतात’ हे कारण तिथे कितपत टिकेल ते कमिटीने ठरवावे. कीड लागली असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला पाहणीसाठी कळवता येईल.

म्हणून आमची मागणी अशी. नोटीस मागे घ्यावी. एक्स्पान्शन जॉइंट उघडून जुना मसाला काढावा, कडा कोरड्या करून पॉलिसल्फाइड किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे सांधा बुजवणारा लवचिक मसाला, भरावा, आणि बागेखालचे वॉटरप्रूफिंग मे संपण्यापूर्वी करून घ्यावे. ओल्या सांध्यात सीलंट धरत नाही, पावसात केलेले काम म्हणजे पैसे पाण्यात. खालून नुसते प्लास्टर मारायचे कोटेशन आले तर परत पाठवा, पाणी शेजारून वाट काढते. तोवर जॉइंटखाली उताराची पत्र्याची पन्हळ लावून पाइप गटारात सोडावा. हे आठवड्याभरात होण्यासारखे आहे.

फ्लॅटमधल्या कामाची परवानगी देताना ‘पार्किंगमध्ये ग्राइंडिंग व वेल्डिंग करणार नाही’ अशी अट लेखी घ्यावी, आणि ती मोडली तर गाड्या साफ करण्याचा खर्च अनामत रकमेतून वळता करावा. इमारतीच्या रंगकामाचे कंत्राट निघेल तेव्हा गाड्या झाकण्याचे कलमही त्यात हवे, नाहीतर पुढचे डाग इमल्शनचे असतील.

गाड्या पुसणाऱ्या मुलांना बोअरऐवजी महापालिकेचे पाणी एक-एक बादली द्यावे. बोअरच्या क्षारांची वर्तुळे काचांवर बसतात, आणि ती पुन्हा छताच्या गळतीच्या नावावर जमा होतील.

व्हिनेगर, टॉर्च आणि लोहचुंबक आम्ही घेऊन येऊ. रविवारी सकाळी 10 वाजता समितीच्या दोघांनी पार्किंगमध्ये यावे, अर्ध्या तासात प्रत्येक रांगेचे कारण दाखवता येईल.

आपले,
बी व सी विंगमधील वाहनधारक सभासद