आई, पहाटेची रिक्षा बंद केली आहे

पुणे

प्रिय आई-बाबा,
जय ख्रिस्त.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर आई पत्र अर्ध्यावर ठेवून मासळी साफ करायला जाईल. पहाटेच्या मिस्साला, देवळातल्या प्रार्थनेला नेणारी रिक्षा मी बंद केली आहे. फादरांशी फोनवर बोलले, दर रविवारी दहाच्या सुमारास कम्युनियनची पवित्र भाकर घरी येईल. आई, तुला न विचारता केलं, कबूल. विचारलं असतं तर 'बघू' म्हणाली असतीस आणि दुसऱ्या दिवशी पाचला तयार होऊन दारात उभी राहिली असतीस.

त्या दिवशी देवळाच्या पायरीवर बसलीस ते उन्हामुळे नव्हे. साखर 52 वर आली होती. मधुमेहाची गोळी घेतलीस आणि पोटात चहासुद्धा नाही, कारण कम्युनियन घ्यायची! आजीचा तो कम्युनियनआधीचा, मध्यरात्रीपासूनचा उपवास आता नाही गं. 1964 पासून तासभराचाच आहे, त्यात पाणी नि औषध चालतं, आणि म्हाताऱ्या-आजारी माणसांना तो तासही माफ. (म्हातारी म्हटलं म्हणून रुसू नकोस. आजारी म्हणते, बरं?) आजाऱ्याला रविवारच्या मिस्साची सक्तीही नाही. तू म्हणशील, आपले संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकीला क्रुसावर गेले नि मी देवळात जाऊ नको? जा की. पण त्यांना कुणी साखरेची गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितली नव्हती.

खरं सांगू, देव मला देवळात भेटलाच नाही. बोंबील वाळवायच्या वलांडीखाली भेटला. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा, जोडी काठीवर टाकायची, जपमाळेतली एक नमो मरिये म्हणायची. दहा जोड्या झाल्या की 'पित्याला गौरव', आणि पाठ सरळ करायची. माझ्या हातून जोडी सुटून वाळूत पडली की तू ती नमो मरिये धरायची नाहीस, पुन्हा म्हणायला लावायचीस. दुसरीपर्यंत मला वाटायचं, जपमाळ बोंबलांचीच असते. दमून मी तुझ्या मांडीवर कलंडायचे, तुझ्या हाताला मासळीचा वास, नि तोच हात माझ्या कपाळावर क्रूस काढायचा.

इथे आले तेव्हा पहिलं वर्ष रडण्यात गेलं, तुम्हाला सांगितलं नाही. सकाळी पाच डबे, मग बस, मग ऑफिस. मिस्सा कुठली मिळायला? मग एक दिवस पोळ्या लाटताना सवयीने नमो मरिये सुरू झाली. आता एकेक पोळी एकेकाच्या नावाची. तुझ्या गुडघ्याच्या नावाची पोळी हमखास करपते, का ते प्रभूलाच ठाऊक.

बाबा, बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायात जाळ्यात 153 मासे आले, तेव्हा तुम्ही दरवेळी विचारायचात, प्रभू समोर उभा असताना हे मोजत कोण बसलं? आता मला कळतं. मोजायला तर हवेच होते, सगळ्यांचा वाटा करायचा होता. आणि प्रभूने काय केलं होतं? निखारे पेटवून मासळी नि भाकर ठेवली होती. म्हणाला, या, न्याहारी करा. 'माझ्यावर प्रीती करतोस का' हे पेत्राला विचारलं तेही न्याहारी झाल्यावर. आई, तू ऐकतेयस ना?

तेव्हा आता नीट लक्ष द्या. उठल्यावर आधी चहा-बटर, मग गोळी, मग प्रार्थना. बाबा, साखरेची पिवळी डबी मरियामातेच्या तसबिरीखाली ठेवा, तिथून ती हलवणार नाही. रविवारी पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती, बस्स. कम्युनियन घेऊन येणाऱ्या बाईंसाठी पहाटेपासून झाडूपोछा नको, पाच प्रकारचं खायला नको. वलांडीवर हात वर करून काम नको. खाली बसून जोड्या लाव, त्या मी बंद केलेल्या नाहीत. ते तुझंच काम.

नाताळला 23 तारखेलाच येते. मध्यरात्रीच्या मिस्साला तुला मी नेणार, दाराजवळच्या बाकावर बसू, पर्समध्ये बिस्किटं असतील. तेवढं तरी ऐक.

आणि सुके बोंबील पाठवा. मागच्या वेळी कंडक्टरने पिशवीकडे बघून नाक धरलं होतं, तरी पाठवा. फक्त जोड्या सोडवू नका, तशाच बांधा.

तुमची,
बाय