मिलोंगातील संगीत आणि नजरेचे निमंत्रण

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील टँगो नृत्याविषयीचा लेख आवडला. मात्र मिलोंगातील, म्हणजे टँगोच्या सामूहिक नृत्यसंध्येतील, रीतिरिवाज हा निव्वळ शिष्टपणा आहे आणि तेथे ऐंशी वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणेच वाजत राहतात म्हणून तरुण कंटाळतात, हे त्यातील मत पटले नाही. मिलोंगात कोणते संगीत वाजते आणि लोक एकमेकांशी कसे वागतात, या गोष्टी परस्परांवर अवलंबून आहेत. एकीला धक्का लावला की दुसरीही बिघडते, याचा अनुभव आपल्याकडच्या नृत्यसंध्यांतही येतो.

ब्युनोस आयर्सच्या पारंपरिक मिलोंगात गाणी सुटी वाजत नाहीत. तीन किंवा चार गाण्यांचा एक ‘तांदा’ असतो आणि ती गाणी सहसा एकाच वाद्यवृंदाची, एकाच काळातली असतात. यातील बहुतेक मुद्रणे १९३५ ते १९५५ या सुमाराची, ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर मावतील अशी तीनेक मिनिटांची आहेत. पहिल्या काही सुरांवरूनच जाणकाराला कळते की हा हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदाचा तडफदार, पायांना स्वस्थ बसू न देणारा ठेका आहे, की कार्लोस दि सार्लीची संथ, भारदस्त चाल. ते कळल्यावरच तो जोडीदार शोधतो, कारण दारिएन्सोवर जिच्यासोबत मजा येते तिच्यासोबतच ओस्वाल्दो पुग्लिएसेच्या ताणून धरलेल्या, मध्येच थबकणाऱ्या संगीतावर नाचावेसे वाटेल असे नाही. तांद्याला होकार देणे म्हणजे दहाबारा मिनिटे एका अनोळखी व्यक्तीच्या मिठीत राहण्यास संमती देणे होय. दुसऱ्याच गाण्याला वाद्यवृंद बदलला, तर ज्यासाठी होकार दिला होता तेच हातचे जाते, आणि तांदा अर्ध्यावर सोडणे तर अपमान समजला जातो. संगीत लावणाऱ्याने सुसंगती राखावी हा आग्रह त्यामुळे केवळ आवडीनिवडीचा नाही.

नजरेने निमंत्रण देण्याची ‘काबेसेओ’ ही रीतही अशीच आहे. दूरवरून नजर भिडते, एकजण मान किंचित हलवतो, दुसऱ्याने प्रतिसाद दिला तर दोघे उठतात. नको असेल तर नजर वळवायची. नकार कोणाच्या ध्यानातही येत नाही. टेबलापाशी येऊन हात पुढे करणाऱ्याला मात्र चारचौघांत नाही म्हणावे लागते, आणि आपल्याकडे, विशेषतः स्त्रिया, भिडेखातर हो म्हणून जातात. लेखकाला ज्या रीतीत शिष्टपणा दिसला, तिच्यामुळेच नको असलेले नृत्य बिनबोभाट टाळता येते.

यात आयोजकांचाही वाटा आहे. आपल्याकडे वातावरणनिर्मितीच्या नावाखाली सभागृहात इतका अंधार करतात की समोरचा आपल्याकडे पाहतो आहे की पंख्याकडे, हेच उमगत नाही. मग माणसे हात पुढे करणारच. दोन तांद्यांमधील ‘कोर्तिना’, म्हणजे न नाचण्याजोग्या संगीताचा तुकडा, काही ठिकाणी दहाच सेकंदांत आटोपतात. फरशी रिकामी होऊन प्रत्येकाने आपल्या जागी परतावे आणि जोड्या नव्याने जुळाव्यात, यासाठी तो असतो. तेवढा वेळच मिळाला नाही, तर आधीची जोडी तिथेच उभी राहते आणि ‘आता पुरे’ म्हणणे पुन्हा अवघड होते.

नव्या संगीताला माझा विरोध नाही. आधुनिक टँगोचा संगीतकार आस्तोर पियाझोला मी घरी आवडीने ऐकतो. परंतु त्याच्या पुष्कळशा रचना ऐकण्यासाठी आहेत. घड्याळाच्या उलट दिशेने एकामागून एक सरकणाऱ्या जोड्यांच्या गर्दीत त्यांतील अनपेक्षित वळणांवर प्रत्येकजण वेगळे काही करू लागला, तर पाठीमागच्याच्या पायावर पाय पडतो. इलेक्ट्रॉनिक टँगोसाठी स्वतंत्र संध्या जरूर ठेवावी आणि निमंत्रणपत्रिकेत तसे स्पष्ट छापावे, म्हणजे ज्यांना ते हवे आहे ते येतील आणि इतरांना ऐनवेळी खुर्चीत बसून राहावे लागणार नाही. तोवर नेहमीच्या मिलोंगात दिवे थोडे वाढवावेत आणि कोर्तिना मिनिटभर तरी वाजू द्यावी, एवढी आयोजकांना विनंती आहे.

आपला,
एक वाचक, पुणे