राणीचं आजोळ

ब्रसेल्स

तीर्थरूप बापूकाकांना,
साष्टांग नमस्कार.

इथली, म्हणजे बेल्जियमची, राणी खानदानी की साध्या घरातली, असं तुम्ही विचारलं होतंत. फोनवर 'खानदानी' म्हणून सुटले असते. पण पुढचा प्रश्न 'घराणं कुठलं, मूळ गाव कोणतं' हाच येणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहायलाच बसले.

राणीचं नाव माथिल्ड. नोव्हेंबर २०१७ मध्ये राजा-राणी मुंबईला आले होते आणि ओव्हल मैदानावर पोरांबरोबर क्रिकेट खेळले होते, ते आठवत असेल तर तीच ही. जन्म २० जानेवारी १९७३, ब्रसेल्सच्या युक्ल भागातला. हे मुद्दाम सांगते, कारण बेल्जियममध्ये जन्मलेली ही पहिलीच राणी. आधीच्या साऱ्या बाहेरून आलेल्या: फ्रान्सची लुईज, ऑस्ट्रियाची मारी-हेन्रिएट, बव्हेरियाची एलिझाबेथ, स्वीडनची आस्ट्रिड, स्पेनची फाबिओला, इटलीची पाओला. राजघराणं तरी इथलं कुठे? साक्स-कोबुर्ग घराण्यातल्या लिओपोल्ड या जर्मन राजपुत्राला १८३१ मध्ये बोलावून गादीवर बसवलं, तिथून ही वंशावळ सुरू होते. त्यामुळे २०१३ मध्ये तिचा नवरा फिलिप राजा झाला तेव्हा 'आपली मुलगी राणी झाली' याचं लोकांना कौतुक होतं.

आता वडिलांची बाजू. आडनाव द'उदेकेम दाकोज. त्यातलं आकोज हे शार्लरुआजवळचं एक गाव. घराण्याचा अलीकडचा वावर मात्र पश्चिम फ्लँडर्समध्ये, फ्रान्सच्या सीमेलगतच्या पोपरिंगेच्या बाजूला. तिथे बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचे उंच मांडव असतात. राणीचे एक काका त्या गावचे महापौर होते. वडील पात्रिक यांना 'योंकहेर' म्हणत, म्हणजे सरदारवर्गातली अगदी खालची पायरी. खानदानी खरे, पण गावच्या पाटलासारखे, पंचक्रोशीत मान असलेले. दरबारात पुढच्या रांगेत बसणारे नव्हेत. माथिल्ड वाढली ती दक्षिणेकडे, बास्तोन्यजवळच्या लोसांज नावाच्या वाड्यात. पुढे बोलण्यात अडचण असलेल्या मुलांवर उपचार करणारी स्पीच थेरपिस्ट झाली आणि लग्नापर्यंत ब्रसेल्समध्ये स्वतःचा दवाखाना चालवत होती. लग्न ४ डिसेंबर १९९९ ला झालं. त्याआधी काही आठवडे राजा आल्बेर दुसरा यांनी व्याह्यांना काउंट करून टाकलं! इथे राजाला आजही असे किताब देता येतात, राज्यघटनेतच तसं लिहिलंय. फक्त किताबाबरोबर कोणताही खास हक्क देता येत नाही. सायकलपटू एडी मर्क्स इथे बॅरन आहे, यावरून काय ते समजा.

एवढ्यावर तुम्ही म्हणाल, मध्यम घराणं. थांबा, खरी गंमत आईकडे आहे.

आई आन्ना मारिया कोमोरोव्स्का, पोलंडची. तिचीही आई, म्हणजे राणीची आजी, झोफिया सापिएहा. आणि काका, सापिएहा म्हणजे लहानसहान प्रकरण नव्हे. पोलंड आणि लिथुआनियाचं मिळून एक अवाढव्य राज्य होतं, त्या राज्याच्या लिथुआनियाकडच्या बाजूला जी मोजकी मोठी घराणी होती त्यांत हे एक. लेव सापिएहा तिथला महाचॅन्सेलर, म्हणजे आपल्याकडच्या दिवाणासारखा. १५८८ चा लिथुआनियाचा कायदेग्रंथ त्याच्या हातून सिद्ध झाला. तो दुसऱ्या शाखेचा. आपल्या राणीची आजी कोदेन शाखेची. कोदेन हे बुग नदीकाठचं गाव, आणि तिथल्या चर्चमधल्या मेरीच्या चित्राची कथा तुम्हाला नक्की आवडेल. मिकोवाय सापिएहा आजारी म्हणून रोमला गेला, पोपच्या प्रार्थनागृहातल्या त्या चित्रापुढे बरा झाला, आणि पोप चित्र देईना म्हणून चोरून घेऊन आला, अशी आख्यायिका आहे. टोपणनाव काय, तर 'धर्मनिष्ठ'. याच शाखेतले कार्डिनल आदाम स्तेफान सापिएहा क्राकोवचे आर्चबिशप होते. नाझींच्या काळात त्यांनी धर्मगुरूंची पाठशाळा लपूनछपून चालवली. तिथे शिकलेल्या करोल वोयतिवाला त्यांनी १ नोव्हेंबर १९४६ रोजी दीक्षा दिली. तोच पुढे पोप जॉन पॉल दुसरा झाला.

त्याच १९४६ साली राणीची आई जन्मली, ब्यावोगार्दला. ते गाव वर्षभरापूर्वीपर्यंत जर्मनीत होतं. पोलंडने सरदारांचे किताब १९२१ च्या राज्यघटनेत रद्द केले होतेच. महायुद्ध संपता संपता मोठ्या जमीनदारांच्या जमिनीही सरकारजमा झाल्या. ज्यांच्या घराण्यात कायदे लिहिले गेले त्यांच्या लेकीबाळींना कम्युनिस्ट राजवटीत देश सोडून बेल्जियमला यावं लागलं. म्हणजे बघा, वडिलांचा छोटा किताब कायद्याने शाबूत, आणि आजीचा मोठा नुसता सांगण्यापुरता.

हे सगळं इतकं लांबण लावून लिहिण्याचं कारण तुमचा कुलवृत्तांत. आपल्या पद्धतीने राणीची वंशावळ मांडली असती तर पात्रिक, त्यांचे वडील, त्यांचे वडील असं वर गेलो असतो आणि पोपरिंगेच्या पलीकडे फार काही हाती लागलं नसतं. सापिएहा तर कुठे दिसलेच नसते, कारण ते दोनदा बाईच्या वाटेने आलेत. इथल्या राजघराण्याचा नियमही आपल्यासारखाच होता, गादी फक्त मुलग्यांना. १९९१ मध्ये तो बदलला, म्हणून माथिल्डची थोरली एलिझाबेथ, दोन भाऊ पाठीवर असूनही, पुढे राणी होईल. नुसती राजाची बायको म्हणून नव्हे, राज्य चालवणारी.

तुम्ही पाठवलेल्या फॉर्ममध्ये माझ्यासाठी एकच ओळ आहे: नाव, लग्नाचं साल, सासरचं आडनाव, गाव. माझ्या मुलीला तर तीही नाही. आत्याची चारही नातवंडं तशीच गळाली. रागावून लिहीत नाहीये, छापखान्यात जायच्या आत लिहितेय. दोन रकाने वाढवा, एक आईच्या माहेरचा आणि एक लेकींच्या मुलांचा. पानं वाढली तर खर्चातला माझा वाटा मी देईन. काकूच्या माहेरची माहिती तिच्याकडूनच लिहून घ्या, तुम्ही अंदाजाने भरू नका. आजीचं माहेर कोणाला नीट माहीत आहे का, हेही विचारा. मला फक्त राजापूरच्या बाजूचं एवढंच आठवतं.

पोरीची शाळा सुरू झाली आहे. डच आणि फ्रेंच दोन्हींत भांडते, मराठीत फक्त लाडात येते. काकूला नमस्कार.

तुमची,
चिमी