गुड फ्रायडे ‘उत्साहात साजरा’ होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावात कॅम्पात राहते. तुमचा पेपर आमच्या घरी माझ्या लहानपणापासून येतो आणि आई अजून सकाळच्या चहाबरोबर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचते, वय ७८. गेल्या वर्षी गुड फ्रायडेनंतर आतल्या पानावर फोटो होता, क्रूस खांद्यावर घेऊन चाललेली माणसं, आणि वर हेडिंग ‘गुड फ्रायडे उत्साहात साजरा’. आईनं चष्मा काढला, पेपर माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, उत्साह कसला गं, मयताच्या घरात उत्साह असतोय व्हय? तेव्हाच लिहायचं होतं पण राहून गेलं, म्हणून यंदा आधीच लिहितेय.

गुड फ्रायडे म्हणजे येशू क्रूसावर मेला तो दिवस, आणि आम्हा कॅथोलिकांना हा एका दिवसाचा कार्यक्रम नाही हो. यंदा १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला, महाशिवरात्रीनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेजारच्यांचा उपास सुटला आणि आमचा लागला, आणि लगेच रमजानचे रोजे पण सुरू झाले. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, आणलेली झावळी आम्ही वर्षभर घरातल्या क्रूसामागं खोचून ठेवतो, ती वाळून कडक होते, मग ती परत चर्चला न्यायची आणि अशाच जुन्या झावळ्या जाळून त्याची राख कपाळाला लावतात. फादर म्हणतात तू माती आहेस आणि मातीला मिळशील. तिथून रविवार सोडून ४० दिवस उपवासकाळ, जुनी माणसं करेज्म म्हणतात. या दिवसांत आमच्यात लग्नं काढत नाहीत, वेदीवर फुलं नसतात, आलेलुया हा आनंदाचा घोष म्हणत नाहीत. शुक्रवारी मटण-चिकन बंद, समोरच्या वहिनींना आता सगळं पाठ झालंय, त्या आधीच विचारतात, आज शुक्रवार नव्हे न्हवं, रस्सा पाठवालोय. तो वाचलेला पैसा डब्यात टाकायचा, शेवटी गरिबांसाठी चर्चला द्यायचा.

दर शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट असते, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेची प्रार्थना, १४ स्थानं, प्रत्येक स्थानाला गुडघे टेकायचे. आईचे गुडघे सुजलेले, डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून सांगितलंय, तरी ती समोरच्या बाकाला धरून टेकते आणि उठताना माझा हात घेत नाही. चर्चच्या नियमात कडक उपास १८ ते ५९ वयापर्यंतच आहे, ते पण तिला सांगून झालं. ती म्हणते नियम तरुण पोरांना, मला काय.

आणि गुड फ्रायडेला तर आमच्या घरात फोडणी बसत नाही. पेज आणि लोणचं, बस. टीव्ही बंद, मोठ्यानं कोणी बोलत नाही. चर्चमध्ये वेदी उघडी करून ठेवलेली असते, वरचं कापडसुद्धा काढलेलं, आदल्या रात्रीपासून घंटा वाजत नाही आणि जगात कुठल्याच कॅथोलिक चर्चमध्ये त्या दिवशी मिस्सा, म्हणजे आमची रोजची मुख्य उपासना, होत नाही, फक्त प्रार्थना, येशूच्या मरणाचं वाचन आणि मग रांगेनं जाऊन क्रूसाचं चुंबन घ्यायचं. रांगेत म्हाताऱ्या बायका रडत असतात, खरंच रडतात, आपलंच कोणी गेल्यासारखं. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात उत्साहात!

मला माहिती आहे कोणी मुद्दाम लिहीत नाही, सगळ्या सणांना तेच हेडिंग बसतंय म्हणून बसवतात. पण १९५३ साली गोव्यापासून वेगळा होऊन बेळगाव धर्मप्रांत झाला, त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही याच गावात आहोत, मराठी पेपर वाचतो, आमच्या मयताच्या बातम्या तुम्ही नीट छापता, तसंच हे पण ‘गांभीर्याने पाळला’ एवढं लिहिलं तरी खूप झालं. व्हॉट्सअॅपवर हॅपी गुड फ्रायडे पाठवणाऱ्यांना पण कळेल.

यंदा चैत्र पौर्णिमा, हनुमान जयंती २ एप्रिलला आहे, गुड फ्रायडे ३ ला आणि येशू पुन्हा उठला तो ईस्टर रविवारी ५ ला. उत्साहात हा शब्द रविवारच्या बातमीसाठी राखून ठेवा, त्या दिवशी हवा तेवढा वापरा, आम्ही पण नवे कपडे घालून बाहेर पडतो. आणि शुक्रवारी दुपारी फोटोग्राफरबरोबर एखादा वार्ताहर पण पाठवा, मागच्या बाजूला तासभर शांत बसू दे. आई डावीकडं पहिल्या बाकावर असते, प्रार्थना झाल्यावर तिला विचारलंत तर सगळं सांगेल.

आपली एक जुनी वाचक,
कॅम्प, बेळगाव