पॅसेंजरचा एक डबा नाशिक रोडला राहू द्या

महोदय,

भुसावळ–इगतपुरी मार्गावरची पॅसेंजर मार्च २०२० मध्ये इतर सगळ्या गाड्यांबरोबर थांबली आणि परतली ती मेमू, म्हणजे वेगळे इंजिन न लागणारी विजेची गाडी होऊन. ही तक्रार नाही. ओढा, खेरवाडी, निफाड, उगाव असे दर काही मैलांवर थांबत जायचे तर मेमूच बरी. ती चटकन वेग घेते आणि दोन्ही टोकांना केबिन असल्यामुळे इगतपुरीला इंजिन सोडवून, दुसऱ्या रुळाने फिरवून, पुन्हा उलट्या टोकाला जोडण्याचा खटाटोप उरत नाही. पण ज्या डब्यांतून दोन-तीन पिढ्यांनी प्रवास केला, ते भराभर भंगारात निघत आहेत. सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक रोड स्थानकावर कामे चालू असतानाच त्यातल्या एका डब्यासाठी जागा राखून ठेवावी, अशी विनंती आहे.

हा डबा म्हणजे चेन्नईत पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीतला, म्हणून आयसीएफ डबा. १९५५ पासून तो तिथे बनत होता, शेवटचा जानेवारी २०१८ मध्ये बाहेर पडला. डब्याचे ठरलेले आयुष्य २५ वर्षांचे. म्हणजे आज निवडला तर चांगल्या अवस्थेतला मिळू शकेल, आणखी काही वर्षांनी उरलेल्यातून उचलावा लागेल. निवडताना साधा दुसऱ्या वर्गाचा, लाकडी पट्ट्यांच्या बाकांचा घ्यावा. मुंबईत सीएसएमटीवर जुन्या डब्यात उपाहारगृह झाले, ते लोकांना आवडलेही. पण तशा कामात बाके, खिडक्यांच्या झडपा, पंख्यांच्या जाळ्या आधी निघतात, आणि जपायचे असते ते नेमके तेच. जाळीतला पंखा अडला की खिशातल्या कंगव्याने पाते ढकलून तो सुरू करणे ज्यांना आठवते, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दिव्यांचेही तसेच. डब्याखाली आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर असतो, तो ११० व्होल्टच्या बॅटऱ्या भरतो. पण ठरावीक वेगाच्या खाली तो चार्जिंग करत नाही. पॅसेंजरला तो वेग मिळेपर्यंत पुढचे स्टेशन यायचे, शिवाय साइडिंगला तासभर मेलची वाट बघत उभे राहायचे. बॅटरी उतरायची आणि लहवितच्या अलीकडे दिवे पिवळे पडायचे. पट्टा ढिला किंवा तुटका असला तर मग अंधारच. डबा ठेवताना हा अल्टरनेटर आणि त्याचा पट्टा जागेवर ठेवावा आणि शेजारी हे कारण चार ओळींत लिहावे.

आता ठेवायचा कसा. चौथरा बांधून त्यावर डबा चढवला आणि दरवर्षी वरून रंग मारला की जतन झाले, ही समजूत सगळ्यात घातक आहे. आयसीएफ डबा खालून सडतो. शौचालयाखालची जमीन, दाराचा उंबरा आणि बाजूचा पत्रा जिथे खाली आत वळतो ती घडी, या तीन जागी पाणी साठते. वरचा रंग चकचकीत आणि आत पत्र्याचा पापड, अशी अवस्था होते. म्हणून डबा आणल्यावर पहिल्यांदा शौचालयाची जमीन उघडून पाहावी, गंजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करावा आणि निचऱ्याची भोके मोकळी करावीत. बॅटऱ्या काढून घ्याव्यात, नाहीतर त्यांतले आम्ल पेटी खाते. गंज उघड्या धातूपर्यंत खरवडून त्यावर प्रायमर, मग रंगाचे दोन हात. बफरचे दांडे, कपलिंगचा पेच, ब्रेकचे सांधे यांना रंग अजिबात लावू नये, ग्रीस लावावे.

डबा सिमेंटवर नको, १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेज रुळावर, खाली खडी घालून ठेवावा, म्हणजे पाणी खाली जिरते. चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी हव्यात. बोगीची, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाड्याची, चौकट आणि ॲक्सल बॉक्स (आसाच्या टोकाची पेटी) यांच्यामध्ये लाकडी ठोकळे द्यावेत, म्हणजे स्प्रिंगांवर वर्षानुवर्षे सगळा भार राहत नाही. आणि सगळ्यात आधी छप्पर. नाशिकचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, इगतपुरीचा ३००० च्या वर. डबा इगतपुरीला ठेवायचा म्हणाल तर छपराला पर्यायच नाही, नाशिक रोडलाही ते हवेच. छपराचा खर्च अंदाजपत्रकात शेवटी टाकला की तोच आधी कापला जातो, म्हणून तो पहिल्या ओळीत लिहावा. पुढेमागे वाफेचे इंजिन मिळालेच, तर त्याच्या धुराड्यावर झाकण बसवायला विसरू नये. आत उरलेल्या काजळीत पावसाचे पाणी मुरले की आम्ल होते आणि स्मोकबॉक्सचा, म्हणजे धुराड्याखालच्या धुराच्या कप्प्याचा, तळ खाऊन टाकते.

इगतपुरीसाठी मागणी वेगळी आहे. कसारा–इगतपुरी हा थळ घाट १८६५ पासून वाहता आहे, चढ ३७ फुटांना १ फूट. मुंबईकडून १५०० व्होल्ट डीसी आणि भुसावळकडून २५,००० व्होल्ट एसी अशा दोन विजा इगतपुरीत भेटत, म्हणून तिथे इंजिन बदलावे लागे. पॅन्टो (वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) खाली, ब्रेकचे कॉक बंद, होज (ब्रेकच्या हवेच्या नळ्या) सोडायचे, कपलिंग काढायचे; मग दुसरे इंजिन लावून पाइपात ५ किलोचा दाब भरेपर्यंत थांबायचे आणि गार्डच्या डब्यातल्या गेजवर तो दिसला की ब्रेकची चाचणी. प्रवासी तोवर वडा खाऊन घेत. डीसी गेली तसा हा सोहळाही संपला. २०२३ ची शिर्डी वंदे भारत तर मागून बँकर (ढकलणारे जादा इंजिन) न लावताच तो चढ चढते. स्विस बनावटीचे, चाकांना दांडे जोडलेले 'खेकडा' इंजिन बघायला आज मुंबई किंवा दिल्ली गाठावी लागते. इगतपुरीच्या फलाटावर निदान दोन विजांचा एक नकाशा आणि बँकर कसा लागतो याचे एक चालते मॉडेल तरी असावे. ही कामे हातांनी केलेले निवृत्त कर्मचारी आजही परिसरात आहेत. मजकूर त्यांच्याकडून तपासून घ्यावा.

एक बारीक गोष्ट राहिली. एअर ब्रेकचे (दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ब्रेकचे) डबे निळे आले, त्याआधीचे व्हॅक्यूम ब्रेकचे तांबूस मरून होते. एअर ब्रेकच्या डब्याला 'जुना दिसावा' म्हणून मरून फासू नये. डब्याच्या टोकाच्या भिंतीवर वजन, कारखान्याचे नाव आणि मोठ्या दुरुस्तीची तारीख रंगवलेली असते. खरवडायला घेण्याआधी त्या अक्षरांना मोजपट्टी लावून फोटो काढावेत आणि नवा रंग देणाऱ्या पेंटरच्या हातात तेच फोटो द्यावेत.

— रेल्वेप्रेमी वाचक, नाशिक रोड