पिवळ्या मुठीच्या स्क्रू-ड्रायव्हरच्या मालकास

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय. 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस. माझ्या धाकट्यापेक्षाही लहानच असशील.

ओळख पटावी म्हणून सांगते. पितृपक्ष चालू होता, संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. सातारा रस्त्यावर पद्मावतीच्या अलीकडे एक बाई इलेक्ट्रिक सायकलच्या सीटवरून उठून पायडल मारत होती. घामाघूम, बास्केटमध्ये रिकामा डबा आणि कोथिंबिरीची जुडी. ती मी. तूही इलेक्ट्रिक सायकलवरच होतास, पाठीवर जेवणाची ती भली मोठी चौकोनी पेटी. पुढे निघून गेलास, मग थांबलास आणि मागे वळून म्हणालास, "मावशी, मोटर लागत न्हाई का?"

खरं सांगते, मला आधी रागच आला. रस्त्यात बाईमाणसाला गाडी चालवण्याबद्दल सल्ला देणारे पुण्यात कमी नाहीत. पण तू सल्ला दिलाच नाहीस, विचारत गेलास.

मी बँकेत आहे, स्वारगेटजवळ. घर धनकवडीला. जेमतेम 5 किलोमीटर. सकाळी जाताना उतार, येताना चढ. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणलं ते पंप लावून नव्हे, नुसत्या उतारावर. त्याच उताराने सकाळी मी फुकटात ऑफिसला पोचते आणि संध्याकाळी त्याची वसुली होते. गुडघ्यांनी कुरकूर सुरू केली तेव्हा 3 वर्षांपूर्वी ही सायकल घेतली. 250 वॉटची मोटर, म्हणजे आमच्या मिक्सरचा तिसरा हिस्सा, पण त्या चढाला पुरायची. गणपतीनंतर मात्र तिचं लक्षण फिरलं. डिस्प्लेवर मोटरच्या मदतीचा 5 नंबर लावला तरी 1 नंबर लावल्यासारखं वाटायचं. मोटर उशिरा लागायची, लागली की मध्येच सोडून द्यायची. सपाटीवर काही कळायचं नाही, चढावर जीव निघायचा.

मी हवा भरली, चेनला तेल घातलं, ब्रेक चाकाला घासतोय का बघितलं. मग जिथे सर्व्हिसिंगला देते तिथे नेली. त्यांनी गल्लीत एक चक्कर मारली, तीही सपाट गल्लीत, आणि सांगितलं, "बॅटरी उतरली मॅडम. 3 वर्षं झाली ना? नवीन टाका." साडेचौदा हजार. मुलगा म्हणाला, विकून टाक आणि रिक्षाने जा. मला मात्र वेगळीच शंका होती, ती मी कुणाला बोलले नव्हते. मला वाटत होतं की सायकल ठीक आहे, माझीच ताकद संपत आलीये. 55 वर्षांच्या बाईला असं वाटायला फार काही लागत नाही.

तुझा पहिला प्रश्न होता, "थ्रॉटल दाबल्यावर वढतीय का?"

मी म्हटलं, थ्रॉटल, म्हणजे पाय न मारता मोटर चालवायचा तो खटका, मी वापरतच नाही. व्यायाम व्हावा म्हणून तर सायकल घेतली. तू म्हणालास, व्यायाम राहू द्या, त्या दिव्याच्या खांबापर्यंत पाय न मारता नुसत्या थ्रॉटलवर जाऊन या. गेले. आणि सायकल अशी सुटली की माझी ओढणी उडाली! तोच चढ, तीच बॅटरी, तीच मी. परत आले तर तू म्हणालास, "मग बॅटरीला कशाला शिव्या घालताय?"

तुझं ते गणित मी नंतर घरी कागदावर मांडलं, कारण आकडे पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. थ्रॉटल आणि पायडल, दोन्ही रस्ते शेवटी त्याच बॅटरीकडे, मोटरला वीज सोडणाऱ्या त्याच कंट्रोलरकडे, त्याच मोटरकडे जातात. थ्रॉटलवर दमदार आणि पायडलवर मरगळ असेल तर पुढची तिन्ही माणसं निर्दोष, दोष पायडलकडून निरोप नेणाऱ्याचा. दोन्हींवर मरगळ असेल तेव्हा बॅटरीकडे बघायचं. आमच्याकडे एखादी नोंद जुळत नसली तर आधी कुठली बाजू बरोबर आहे ते ठरवतात, अगदी तसंच. सर्व्हिसवाल्याला हे 2 मिनिटांत करता आलं असतं.

तरी तू खात्री केलीस. डिस्प्लेचं बटण दाबून धरून व्होल्ट काढलेस, मला ते दिसतात हेच ठाऊक नव्हतं. उभ्या सायकलला 39.4. परत थ्रॉटलवर चढ चढायला लावलास आणि आकड्यावर लक्ष ठेवायला सांगितलंस. 38 च्या थोडा वर. "दीड व्होल्ट पडणारच. 33-34 वर आपटला असता तर तो सर्व्हिसवाला खरा." 36 व्होल्टची बॅटरी भरल्यावर 42 दाखवते, कारण आत 10 सेलची रांग आणि प्रत्येक सेल 4.2 ला भरतो, हेही तूच सांगितलंस. उभ्या गाडीचा आकडा बघून काही कळत नाही, ओझं पडल्यावर तो किती खाली बसतो ते बघायचं. हे वाक्य मला कर्ज मागायला येणाऱ्यांनाही लावता येईल.

ब्रेकच्या दोन्ही मुठी तू नुसत्या अंगठ्याने ढकलून पाहिल्यास. मूठ पूर्ण मागे आली नाही तर आतला स्विच ब्रेक दाबलाय असं समजतो आणि मोटर तोडतो. त्या ठीक होत्या.

मग तू सीटला धरून मागचं चाक अधांतरी केलंस आणि मला पायडल हाताने हळूहळू फिरवायला लावलंस. पेटी पाठीवरच. येणारेजाणारे बघत होते, एका काकांनी तर थांबून "चेन पडली का?" असंही विचारलं. पाव-अर्ध्या फेऱ्यात मोटर लागायला हवी. माझी पूर्ण फेरा झाल्यावर लागली आणि पुढच्या अर्ध्या फेऱ्यात बंद. पुन्हा लागली, पुन्हा बंद. तू खाली बसलास, मोबाइलचा टॉर्च लावलास आणि म्हणालास, "हे बघा, मावशी."

3 वर्षं ज्या सायकलवर बसते तिच्या पोटाखाली मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. डाव्या पायडलच्या दांडीमागे एक काळी चकती, बांगडीएवढी, तिच्या कडेने बारीक गोल चुंबकं. शेजारी नखाएवढा सेन्सर. चकती फिरली की एकेक चुंबक सेन्सरसमोरून जातं आणि त्याला कळतं, बाई पाय मारतेय. एवढंच. आणि त्या चकतीवर पावसाळ्याचा चिखल थापलेला, त्यातून काळी लोखंडी भुकटी दाढीच्या खुंटांसारखी उभी राहिलेली. 12 पैकी 11 चुंबकं जागेवर, एका जागी रिकामं भोक. पण "एकानं एवढं बिघडत न्हाई," असं म्हणून तू खरं दुखणं दाखवलंस. चकती एक्सलवर सरकून सेन्सरपासून लांब गेली होती, मधे चांगलीच फट पडली होती. काही चुंबकं सेन्सरला दिसत होती, काही नव्हती. त्याला वाटत होतं मी पाय मारतेय, थांबतेय, मारतेय, थांबतेय.

भुकटी तू पेटीतल्या फडक्याने पुसलीस. मग तो पिवळ्या मुठीचा चपटा स्क्रू-ड्रायव्हर काढून चकती एकदा इकडून, एकदा तिकडून थोडीथोडी ढकललीस, वाकडी होऊ नये म्हणून. मधलं अंतर मोजायला मला एटीएम कार्ड मागितलंस. मी 30 वर्षं काउंटरवर लोकांना सांगत आलेय की कार्ड चुंबकाजवळ नेऊ नका, तेव्हा माझा हात पर्सवरच थांबला. शेवटी मुदत संपलेली दोन कार्डं सापडली. दोन्ही एकावर एक ठेवून तू फटीत सरकवलीस. दोन कार्डं म्हणजे साधारण दीड मिलिमीटर. अडखळत आत गेली, तेव्हा म्हणालास, "झालं."

सायकलवर बसले, पाय मारला आणि मोटर लागली. पहिल्यासारखी. मी काय बोलले आठवत नाही, बहुतेक काहीच नाही.

जाता जाता तू दोन गोष्टी सांगितल्यास. एक मी ऐकली, एक ऐकली नाही.

ऐकली ती ही की, "ही सायकल तुमचा जोर वळखत न्हाई, फेरे वळखते." मी चढ आला की उलट जड गिअर टाकायचे आणि दात आवळून हळूहळू जोर लावायचे, का तर जास्त जोर लावला की मोटरही जास्त लागेल. जोर मोजणारा सेन्सर महाग सायकलींना असतो, माझ्या सायकलीला नाही. तिला पाय फिरताना दिसले पाहिजेत. आता पद्मावती आली की मी हलका गिअर टाकते आणि शिवणाचं मशिन चालवल्यासारखे भराभर पाय मारते. गुडघेही गप्प आहेत.

ऐकली नाही ती ही: पायडलची दांडी धरून आडवी हलवलीस, ती डुगडुगली, आणि म्हणालास, "बीबी ढिला हाय. हे आजच्यापुरतं केलंय, एक्सल हालला की चकती परत सरकनार." बीबी म्हणजे पायडलचा एक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग. मला वाटलं, झालं ना आता सुरळीत. आठव्या दिवशी शंकरमहाराजांच्या मठासमोर पुन्हा तीच रड! मग निमूटपणे जुन्या सायकलवाल्याकडे गेले, ज्याच्याकडे माझ्या मुलांच्या सायकली दुरुस्त व्हायच्या. त्याने बीबी बदलला, नवी 12 चुंबकांची चकतीही मिळवून बसवली. सगळे मिळून साडेसहाशे रुपये. पण त्याने ती उलट बाजूने बसवली. पुढे पाय मारला तर मोटर ढिम्म, मागे मारला की सुरू! तो घाबरला, म्हणाला ताई, वायरिंग गेलं. मी त्याला सांगितलं, वायरिंग नाही, चकतीवरचा बाण बघा. मी! त्याने बाण पाहिला, चकती उलटवली आणि त्यानंतर माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागला.

आमच्या ऑफिसात बिबवेवाडीहून येणारे एक जण आहेत, त्यांचीही हीच तक्रार होती. मी त्यांना थ्रॉटलवर चढ चढायला लावला. त्यांची सायकल तिथेही मेली, आणि 37 चा आकडा सरळ 32 वर बसला. त्यांची बॅटरीच गेली होती. त्यांनी नवी घेतली, मुकाट्याने. तेव्हा सर्व्हिसवाले सगळेच खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही. पण आधी बघायला काय जातं?

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. तुझा फोन मधे दोनदा वाजला आणि तू "आलो, आलो, ट्रॅफिक हाय" म्हणालास. सातारा रस्त्यावर ट्रॅफिक असतोच, त्यामुळे ते खोटं धरू नये, पण तुझी 20 मिनिटं माझ्यापायी गेली आणि कुणाचं तरी जेवण गार झालं. त्याचे तुझे पैसे कापले का, कुणी एकच स्टार दिला का, हे मला कळलं नाही. कापले असतील तर ते माझ्याकडे बाकी आहेत. मी त्या वेळी 100 रुपये पुढे केले होते आणि तू "चहाला थांबलो असतो तर एवढाच वेळ लागला असता" असं म्हणून निघालास. इतक्या घाईत की स्क्रू-ड्रायव्हर माझ्या बास्केटमध्ये, कोथिंबिरीखाली राहिला. घरी जुडी निवडायला घेतली तेव्हा सापडला.

तो तुझ्या रोजच्या उपयोगाचा असणार. मूठ झिजलीये, टोकाला एक बारीक चीर आहे, मुठीवर काळ्या मार्करने 'स' लिहिलंय. म्हणजे तुझं नाव 'स'वरून असावं, किंवा ज्याचा घेतलास त्याचं. मी तो पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवते. सोमवार ते शुक्रवार, सव्वासहा ते पावणेसातच्या मधे मी पद्मावतीच्या त्याच खांबापाशी असते. निळी सायकल, पुढे वेताची बास्केट. दिसले तर हाक मार, मी थांबते.

तुझी,
कोथिंबीरवाली मावशी