पारो-चंद्रमुखीला वगळून कसली तुलना?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ‘देवदास’वरच्या चित्रपटांची तुलना करणारा लेख वाचला आणि काल दिवसभर दुसरे काही सुचले नाही. सैगलला इतके तारे, दिलीपकुमारला इतके, शाहरुख खानला इतके, आणि शेवटी एकाच्या गळ्यात विजयाची माळ. लेखकाने कष्ट घेतले आहेत हे मी नाकारत नाही. शाहरुखच्या २००२ च्या चित्रपटाचे सेट, साड्या, दागिने, झुंबरे यांची त्यांनी बारकाईने माहिती दिली आहे. पण त्या पूर्ण पानभर लेखात देवदासची बालमैत्रीण पारो आणि कोठीवरची चंद्रमुखी येतात त्या केवळ ‘कोणती नायिका जास्त शोभली’ एवढ्या एका चौकटीत. याचा मला मनापासून राग आला आहे.

शरदबाबूंची, म्हणजे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्यायांची, मूळ कादंबरी तुमच्या लेखकाने वाचली आहे का, हे मला खरोखर विचारायचे आहे. १९१७ साली छापून आलेल्या या छोट्याशा पुस्तकात धडपड करणारी माणसे दोनच, आणि त्या दोघी बायका आहेत. देवदास काहीच करत नाही. वडिलांसमोर तोंड उघडत नाही, कलकत्त्याला निघून जातो आणि तिथून पारोला नको ते पत्र लिहितो. रात्री एकटी जमीनदाराच्या वाड्यात शिरून थेट देवदासच्या खोलीत जाते ती पारो. लोक काय म्हणतील याची भीती त्याला वाटते, तिला नाही. लग्नानंतर ती सासरी हातीपोत्याला जाते तेव्हा घरात वयाने मोठी झालेली सावत्र मुले असतात. फुरंगटून बसलेल्या सावत्र मुलीला ती आपले सगळे दागिने देऊन टाकते आणि ते घर आपलेसे करते. आणि चंद्रमुखी? धंदा सोडते, चीजवस्तू विकते, खेड्यात झोपडी बांधून राहते, देवदासची खबर नाही म्हणून त्याच्या गावापर्यंत जाते आणि शेवटी कलकत्त्याच्या रस्त्यावर पडलेला तोच माणूस उचलून घरी आणते. या दोघींचे दिग्दर्शकाने काय केले, याच्यावरच कुठल्याही ‘देवदास’ची परीक्षा व्हायला हवी. नायक किती सुंदर रडला याचे तारे वाटून ती होत नाही.

लेखातले एक वाक्य तर मला दोनदा वाचावे लागले. २००२ च्या चित्रपटाने पारो आणि चंद्रमुखीला एकत्र आणून स्त्रियांना न्याय दिला म्हणे! कादंबरीत त्या दोघी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. देवदास मात्र चंद्रमुखीला सांगतो, की तुम्हा दोघींत किती फरक आणि तरी किती सारखेपणा: एक मानी, तापट, दुसरी शांत, सोसणारी. त्या दोघींना सांधणारा धागा त्या एका बोलण्यात आहे.

बिमल रॉय यांनी १९५५ साली, दिलीपकुमारच्या ‘देवदास’मध्ये, त्यातून काय काढले ते पाहा. चंद्रमुखी रस्त्याने पायी चालली आहे. समोरून पालखी येते, आत पारो. पालखीतून पारो बाहेर बघते, रस्त्याच्या कडेची ही बाई तिच्याकडे बघते, आणि पालखी पुढे निघून जाते. कोण कोणाची कोण, हे दोघींनाही माहीत नाही. सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला, दोघींच्याही तोंडी एक शब्द नाही. आपल्याला मात्र सगळे ठाऊक असते, म्हणून आपण खुर्चीत अवघडून बसतो. हे दृश्य कादंबरीत नाही, तरीही कादंबरीशी इमानदार आहे. रूपांतर करणे म्हणजे काय, ते मला तिथे कळले.

या दृश्यापायी मला मागे झालेला मनस्ताप इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या गावात एका मंडळाने हाच चित्रपट दाखवायचे ठरवले. मी शेजारच्या दोन मुलींना मुद्दाम बरोबर नेले होते, त्यांना ही पालखी दाखवायची म्हणून. सुरुवातीलाच सूत्रसंचालकांनी माइकवरून विचारले, “महिलावर्गाने रुमाल आणलेत ना?” सभागृह हसले. मध्यंतरानंतर लक्षात आले की सभागृह नऊला रिकामे करायचे आहे. मग लॅपटॉपवर बसलेल्या मुलाने चित्रपट पुढे ढकलायला सुरुवात केली. गाणी आली की थांबायचे, देवदासचा मित्र चुन्नीलाल झालेला मोतीलाल दिसला की थांबायचे, आणि जिथे कोणी बोलत नाही ते सगळे सरकवायचे. पालखी पडद्यावरून सर्रकन निघून गेली. मी उठून उभी राहिले आणि ते दृश्य मागे घ्या म्हणून सांगितले. उत्तर मिळाले, “ताई, त्यात डायलॉग नाहीये.” माझ्या बरोबरच्या मुलींना शेवटपर्यंत कळले नाही की मी एवढी का चिडले. कार्यक्रमानंतर आयोजकांना भेटले, तर ते म्हणाले की लोकांना शेवट बघायचा असतो, मधले कोण बघतो.

तुमच्या लेखकाने कागदावर हेच केले आहे. १९५५ च्या चित्रपटावर त्यांनी जे लिहिले आहे त्यात पालखीचा उल्लेखही नाही.

२००२ च्या चित्रपटात भेट कशी होते? दुर्गापूजेसाठी अंगणातली माती मागायला पारो चंद्रमुखीच्या कोठीवर जाते. वेश्येच्या दारची माती दुर्गेच्या मूर्तीला लागते ही बंगालमधली खरी प्रथा आहे, आणि कल्पना म्हणून ती माझ्याही मनाला भिडली होती. पण पुढे त्या मातीचे होते काय, तर दोघींचा नाच. नाच अप्रतिम आहे. सरोज खान यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. माधुरी दीक्षितच्या पदन्यासाबद्दल तर मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. परंतु नाचून झाल्यावर भर समारंभात चंद्रमुखीचा अपमान होतो, पारोवर घराबाहेर पडायची बंदी येते, आणि दोघी पुन्हा जिथल्या तिथे. याला न्याय म्हणायचे?

अजून एक. पुस्तकात तळ्याच्या काठी देवदास पारोच्या कपाळावर मासे धरायच्या गळाची काठी मारतो. रक्त येते. जमीनदाराच्या लाडावलेल्या पोराचा तो माज आहे आणि वाचताना अंगावर काटा येतो. २००२ च्या चित्रपटात तो वार गळ्यातल्या हाराने होतो. घाव दागिन्याचा झाला की मार खाल्लेली बाईही शृंगाराचा भाग वाटू लागते. काठी काठीच राहायला हवी होती.

आणि पुरस्कारांची यादी देताना लेखकाने एवढी मोठी गोष्ट कशी सोडली? वैजयंतीमाला यांना चंद्रमुखीसाठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नाकारला. माझी भूमिका पारोच्या बरोबरीची आहे, दुय्यम नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००२ च्या चित्रपटातल्या त्याच भूमिकेसाठी माधुरीला तोच पुरस्कार मिळाला, सहायक अभिनेत्रीचाच. मधल्या काळात चंद्रमुखीची पायरी तसूभरही वर सरकली नाही, हे लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या.

‘सैगलचा देवदास’ असे लिहून मोकळे होणेही बरोबर नाही. तो प्रमथेश बरुआंचा देवदास. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्स या चित्रसंस्थेसाठी त्यांनी १९३५ साली बंगाली चित्रपट केला, त्यात नायक स्वतः झाले, आणि पाठोपाठ हिंदीत सैगलला घेतले. त्या हिंदी चित्रपटाच्या कॅमेऱ्यामागे होते बिमल रॉय. म्हणजे १९५५ चा चित्रपट करणारा माणूस ही कथा कॅमेऱ्यातून एकदा पाहून बसला होता! दोन चित्रपटांची तुलना करताना हे नाते सांगायचे नाही तर मग काय सांगायचे?

मराठी वृत्तपत्राने आणखी एक आठवण ठेवायला हवी होती. ‘देवदास’ पाहून पोरे रडत बसतात, हे मनाला न पटल्याने व्ही. शांताराम यांनी प्रभातमध्ये १९३९ साली ‘माणूस’ काढला. त्यातली वेश्या मैना शेवटी तुरुंगात जाते, पण देवदाससारखी कोणाच्या दारात मरायला येत नाही. याच कथेला आजच्या काळात आणणारा अनुराग कश्यपचा २००९ चा ‘देव डी’ही लेखात नाही. त्यातली भाषा मला सोसवत नाही, पण सायकलवर गादी बांधून शेतात निघालेली त्यातली पारो, रात्री वाड्यात शिरणाऱ्या शरदबाबूंच्या पारोची सख्खी बहीण आहे. हे त्या तरुण दिग्दर्शकाला कळले होते.

जाता जाता वाचनालयांबद्दल. मामा वरेरकरांनी शरदबाबूंचे साहित्य मराठीत आणले म्हणून माझ्या आईच्या पिढीला घरबसल्या पारो भेटली. लेख वाचून काल संध्याकाळी मी इथल्या वाचनालयात ‘देवदास’ मागायला गेले. वरेरकरांचे शरदबाबू गेल्या वर्षीच रद्दीत काढले, कोणी नेत नव्हते, असे सांगण्यात आले. त्यापूर्वी सभासदांना विचारायला काय हरकत होती? मी ते सगळे खंड विकत घेतले असते. आज ती पुस्तके कुठे मिळतील, हे तुमच्या वाचकांपैकी कोणाला ठाऊक असेल तर कृपया याच सदरात कळवावे.

पुढच्या रविवारी बरुआ आणि ‘माणूस’ यांच्याबद्दल चार ओळी तरी छापाव्यात ही विनंती. पत्र लांबले आहे आणि तुमच्याकडे जागा कमी असते हे मला माहीत आहे. कापायचेच असेल तर वाचनालयाचा परिच्छेद कापा, पालखीचा कापू नका.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली